लग्नाला गेलेला युवराज

नातीबरोबर इंग्रजी सिनेमाला गेलं की माझं अर्धं लक्ष पडद्याच्या खालच्या ओळींकडे असतं. २०२४ साली 'ड्यून'चा दुसरा भाग लागला तेव्हा ती मला ओढतच घेऊन गेली. अंतराळयानं, स्फोट आणि एखादा अवाढव्य प्राणी, एवढीच माझ्या मनाची तयारी होती. प्राणी होतेच, वाळूखालून सरपटणारे, आगगाडीलाही लाजवतील असे. पण तासाभरात माझ्या लक्षात आलं की हा तर आपल्या ओळखीचा दरबार आहे. सरदार घराणी, त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं, वतनासाठी चाललेली कारस्थानं, फितुरी, आणि शेवटी एक लग्न. चाळीस वर्षं जे मी फळ्यावर लिहिलं तेच इथे दुसऱ्या ग्रहावर चाललं होतं. मी चष्मा पुसला आणि नीट सरसावून बसले.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्रँक हर्बर्ट यांची मूळ कादंबरी १९६५ सालची. बादशहा शद्दाम चौथा याला मुली आहेत, मुलगा नाही. थोरली राजकन्या इरुलान. ॲट्रेडिस घराण्याचा उमराव लोकप्रिय होऊ लागला म्हणून बादशहा त्याच्या वैऱ्याला हाताशी धरून त्याला मारवतो. त्या उमरावाचा मुलगा पॉल वाळवंटातल्या लोकांमध्ये आसरा घेतो, तिथल्या चानी नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम बसतं, तो फौज उभी करतो आणि बादशहाला हरवतो. आणि जिंकल्यावर मागतो काय, तर इरुलानचा हात. प्रेम चानीवर, लग्न इरुलानशी. गादीवर हक्क सांगायचा तर बादशहाचं जावई व्हायला हवं, इतका साधा हिशेब. पॉलची आई जेसिका हीसुद्धा त्या उमरावाची लग्नाची बायको नव्हे. त्याने आयुष्यभर लग्न केलं नाही, कारण ती जागा रिकामी असेपर्यंत इतर घराणी सोयरिकीच्या आशेवर राहतात. हे वाचून मी हर्बर्टसाहेबांना मनोमन दाद दिली. आपल्याकडच्या एखाद्या मुरलेल्या कारभाऱ्यालाच सुचावं असं हे.

घरी परतताना एमआरटीमध्ये नातीने विचारलं, "आजी, त्या इरुलानचं पुढे काय होतं?"

मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "अगं, राजघराण्यात लग्न म्हणजे तह असतो. त्या तहाने गादी पक्की झाली, वैर मिटलं, हे महत्त्वाचं."

"मी तहाबद्दल नाही विचारलं," ती म्हणाली. "तिच्याबद्दल विचारलं."

मला उत्तर येत नव्हतं. तिने मग पुस्तकंच आणून दिली. इरुलानचं पुढे काय होतं ते १९६९च्या 'ड्यून मेसाया' या दुसऱ्या भागात आहे. नावापुरती राणी झालेली इरुलान पॉलविरुद्धच्या कटात सामील होते. चानीला मूल होऊ नये म्हणून तिच्या अन्नात गुपचूप औषध मिसळते. पण मला त्याहून लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. पहिल्या पुस्तकातल्या जवळपास प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एखाद्या इतिहासग्रंथातला उतारा येतो, आणि ते बहुतेक ग्रंथ इरुलानने लिहिलेले आहेत. जिला लग्नातून ना नवरा मिळाला ना वारस, ती त्या घराण्याची इतिहासकार झाली. मी इतिहासात डॉक्टरेट केलेली बाई, मला हे मुकाट्याने वाचून पुढे जाता येईना.

कारण माझा स्वतःचा प्रबंध नेमका याच विषयावर होता: मराठेशाहीतल्या सरदार घराण्यांच्या सोयरिकी. त्या काळी तो टंकलेखकाकडून चार प्रतींत करून घेतला होता. एक प्रत इथे सिंगापुरात माझ्या कपाटात आहे. शेवटी परिशिष्टात वंशावळीचे तक्ते आहेत. घराण्यांची नावं चौकटीत, आणि एका चौकटीतून दुसरीकडे गेलेला प्रत्येक बाण म्हणजे एक लग्न. बाणावर लिहिलंय: 'मोहिते कन्या', 'शिर्के कन्या', 'गुजर कन्या'. ज्यांची नावं मला माहीत होती त्यांचीही मी लिहिली नाहीत. तक्त्यात जागा कमी होती हे खरं, पण पुरुषांची नावं बरोबर बसली होती. परीक्षकांनाही त्यात काही खटकलं नाही. तो प्रबंध लिहिला तेव्हा माझंही लग्न झालेलं होतं आणि ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव मी वागवत होते, हे आठवलं की आता हसू येतं.

तर त्या बाणांपैकी काहींकडे पुन्हा बघू या म्हणून बसले, आणि पहिल्यांदा १६८० साल उघडलं.

३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचं रायगडावर निधन झालं. त्याआधी तीन आठवडेही झाले नव्हते, गडावर धाकट्या राजपुत्राचं लग्न लागलं होतं. राजाराम दहा वर्षांचे. नवरी जानकीबाई, म्हणजे नेसरीच्या खिंडीत पडलेल्या सरनोबत प्रतापराव गुजरांची मुलगी. थोरले संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. महाराज गेल्यावर सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो यांच्या गटाने घाईने निर्णय घेतला आणि २१ एप्रिलला राजारामांचं मंचकारोहण केलं. आता सोयरिकीच्या गणिताने बघा. सोयराबाई माहेरच्या मोहिते. फौजेचा सरनोबत हंबीरराव मोहिते हा त्यांचा भाऊ. म्हणजे गादीवर बसलेला मुलगा सरनोबताचा भाचा. आपल्याकडे मामाचं नातं काय असतं ते सांगायला नको. रायगडावरच्या मंडळींनी हे गृहीतच धरलं असणार की फौज आपल्या मागे आहे.

ते गणित चुकलं. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पेशवे संभाजीराजांना कैद करायला पन्हाळ्याकडे निघाले, आणि कऱ्हाडच्या बाजूला हंबीररावांनी या दोघांनाच ताब्यात घेऊन पन्हाळ्यावर संभाजीराजांपुढे उभं केलं. जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले. भावाने बहिणीचा पक्ष सोडला होता. कपटाने नव्हे, लाचेने नव्हे. दहा वर्षांच्या मुलापेक्षा लढता येणारा राजा आत्ता हवा, औरंगजेब येणारच आहे, असं त्याला दिसत असावं. गंमत अशी की याच हंबीररावांची मुलगी पुढे राजारामांना दिली गेली. ती ताराबाई. माझ्या तक्त्यात हा आणखी एक बाण, 'मोहिते कन्या (दुसरी)'. जिने नवऱ्यामागे सात वर्षं औरंगजेबाशी लढाई चालवली ती बाई, आणि मी तिला कंसात 'दुसरी' लिहिलं होतं.

शिर्क्यांचा बाण तर दुहेरी. ते साटंलोटं होतं. पिलाजीराव शिर्क्यांची मुलगी येसूबाई संभाजीराजांना दिली, आणि महाराजांची मुलगी राजकुंवरबाई पिलाजींच्या मुलाला, गणोजीला. असली दुहेरी गाठ सुटणार नाही अशी अपेक्षा असते. गणोजी मोगलांना जाऊन मिळाला. येसूबाईंची गोष्ट वेगळी. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजीराजांना ठार केलं तेव्हा रायगडावर येसूबाई होत्या आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा शाहू होता. वारस तोच. आई म्हणून त्या त्याचं नाव पुढे करू शकल्या असत्या. त्यांनी दीर राजाराम यांच्या नावाने राज्य चालवावं असं ठरवलं, त्यांना वेढा आवळण्याआधी गडाबाहेर काढलं, आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला. येसूबाई १७१९ साली परत आल्या. जवळजवळ तीस वर्षं कैदेत. एकाच घरातले भाऊ आणि बहीण, एकाच सोयरिकीने बांधलेले, आणि दोघं दोन टोकांना. विज्ञानकथेतला लेखक अशा जागी एखादं भविष्यवेत्त्यांचं गुप्त मंडळ आणतो आणि सगळं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आधी ठरवलं होतं असं सांगतो. 'ड्यून'मध्ये तेच आहे. जेसिकाला मुलगी व्हावी आणि ती वैऱ्याच्या घरात द्यावी असा तिच्या पंथाचा हुकूम असतो, आणि ती मुलाला जन्म देते. हुकूम मोडणारी बाई दाखवली हे हर्बर्टचं मोठेपण. पण पुढे त्यालाही पुन्हा भविष्यवाणीच लागते.

इथपर्यंत माझा जुना विषय होता. आता जे सांगणार आहे ते मी सिंगापुरात येऊन शिकले, आणि तेही उशिरा.

कॅम्पाँग ग्लॅमला जायचं तर आपण बहुतेक जण बुगिस स्टेशनला उतरतो. मीही कितीतरी वेळा उतरले. पाहुण्यांना सुलतान मशीद दाखवायची, अरब स्ट्रीटवर कापड बघायचं, मग तेह तारिक. बुगिस हे लोक कोण आणि मशिदीतला सुलतान कोणता, हे विचारायचं सुचलं नाही. या दोन नावांमध्ये एक लग्न दडलेलं आहे. दोन म्हणा हवं तर.

बुगिस हे मूळचे सुलावेसी बेटावरचे दर्यावर्दी आणि लढवय्ये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जोहोर-रिआऊच्या मलय गादीवर तंटा झाला तेव्हा त्यांनी एका पक्षाला लढून गादी मिळवून दिली, आणि १७२२ साली करार झाला: सुलतान मलय घराण्यातला, पण 'यांग दि पेर्तुआन मुदा' हे उपराजाचं पद बुगिसांकडे, वंशपरंपरेने. करारावर शिक्का म्हणून लग्नं लागली. बुगिस सरदारांना सुलतानाच्या घरच्या मुली दिल्या गेल्या. गादी एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे. मंडळी, साल बघा. इकडे साताऱ्याला शाहू महाराज गादीवर आणि पेशवेपदावर बाजीराव नुकताच आलेला. दोन समुद्रांच्या दोन बाजूंना एकाच दशकात एकच युक्ती.

या कराराच्या पुढच्या पिढ्यांत सुलतान महमूद शहा तिसरा याने बुगिस सरदार राजा हाजी यांची मुलगी हमीदा हिच्याशी लग्न केलं. राजा हाजी १७८४ साली मलाक्काजवळ डचांशी लढताना मारले गेलेले. त्यांच्या मुलीला राणी करून आणणं ही मलय आणि बुगिस यांना पुन्हा बांधण्याची खटपट. मेहेर म्हणून सुलतानाने तिला एक अख्खं बेट दिलं, पेन्येंगात. साल १८०३च्या आसपास. तिला एंकू पुत्री म्हणत, आणि राज्याची चिन्हं, म्हणजे नौबतीची वाद्यं आणि विड्याच्या पानाच्या आकाराचं ते मानाचं सोन्याचं पातं, तिच्या ताब्यात असत. ही चिन्हं ज्याच्याकडे नाहीत तो सुलतानच नव्हे, अशी मलय समजूत. आपल्याकडच्या शिक्के-कट्यारीहून त्यांचं महत्त्व जास्तच.

हमीदेला स्वतःला वारस नव्हता. सुलतानाला इतर बायकांपासून दोन मुलगे होते: थोरला हुसेन, धाकटा अब्दुल रहमान. हुसेनचं लग्न पाहांगच्या बेंडाहारांच्या घरात ठरलं. बेंडाहारा म्हणजे राज्याचा वंशपरंपरागत मुख्य प्रधान; त्यांच्याशी सोयरीक झाली की थोरल्याची बाजू भक्कम. वरात पाहांगला गेली. आणि १८११-१२च्या सुमारास, हुसेन तिकडे असतानाच इकडे लिंगा बेटावर सुलतान वारला.

नवा सुलतान जाहीर झाल्याशिवाय जुन्याचं दफन करायचं नाही ही दरबाराची रीत. नवरदेव तर समुद्रापलीकडे. परतीला अनुकूल वारा मिळेना म्हणून अडकून पडला असं सांगतात. उपराजा राजा जाफर आणि बुगिस मंडळींनी वाट पाहिली नाही, आणि धाकट्या अब्दुल रहमानचं नाव पुकारलं. ज्या लग्नाने गादी पक्की व्हायची त्याच लग्नाने ती घालवली. हुसेन परतला तो कुणीच नसल्यासारखा.

आता राजा जाफर कोण? राजा हाजींचा मुलगा. म्हणजे हमीदेचा भाऊ. तिचं माहेर, तिचा भाऊ, तिची जात, सगळं अब्दुल रहमानच्या बाजूला. सोयरिकीच्या गणिताने तिने राजचिन्हं भावाच्या हवाली करायला हवी होती. तिने दिली नाहीत. गादी थोरल्याची, असं ती म्हणत राहिली. भाऊ उपराजा, सावत्र मुलगा गादीवर बसवलेला, आणि ही विधवा आपल्या मेहेरच्या बेटावर राजचिन्हं घेऊन बसलेली. एक नाही, दोन नाही, दहा वर्षं. तेवढी वर्षं अब्दुल रहमान नावाचा सुलतान, रीतसर अभिषेक न झालेला.

मला इथे हंबीरराव आठवले. तिथे भावाने बहिणीला सोडलं, इथे बहिणीने भावाला. दोघांच्याही बाबतीत लग्नाचा बाण एका दिशेला होता आणि माणूस दुसऱ्या दिशेला गेलं. तक्त्यावरून हे कधीच कळलं नसतं.

आणि या अडवणुकीतूनच आपलं सिंगापूर निघालं. १८१९च्या जानेवारीअखेर रॅफल्स इथे उतरला तेव्हा त्याला वखारीसाठी परवानगी हवी होती. अब्दुल रहमान डचांच्या मुठीत, तो परवानगी देणार नाही. पण त्याचा अभिषेक झालेला नाही! थोरला भाऊ रिआऊत हलाखीत दिवस काढतोय! इथला तेमेंगॉन्ग, म्हणजे स्थानिक प्रमुख, त्याने हुसेनला बोलावणं पाठवायला मदत केली. हुसेन आला, त्याला सुलतान म्हणून जाहीर केलं, आणि ६ फेब्रुवारी १८१९ रोजी त्याच्याशी करार झाला: त्याला वर्षाला ५,००० स्पॅनिश डॉलर, तेमेंगॉन्गला ३,०००. राजचिन्हं मात्र हुसेनकडेही नव्हती. म्हणजे खुर्ची दोघांकडे आणि नौबत कुणाकडेच नाही. रॅफल्सचा पुतळा नदीकाठी हाताची घडी घालून उभा आहे. त्याला बघून मला अलीकडे असं वाटतं की त्याच्याइतकाच मान पेन्येंगातच्या त्या विधवेचा आहे. तिने १८१२ मध्येच चिन्हं देऊन टाकली असती तर रॅफल्सला दाखवायला कायद्याची फट उरली नसती. तो दुसरी काही युक्ती काढता, हे मान्य. कंपनीच्या माणसांना युक्त्यांची कमतरता कधी नव्हती.

कारण हीच युक्ती कंपनीने त्याच सुमारास आपल्याकडे वापरली. गव्हर्नर जनरल तोच, लॉर्ड हेस्टिंग्ज. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला शरण आणलं आणि बाजूला पडलेल्या प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. त्यांच्याशी तह झाला २५ सप्टेंबर १८१९ रोजी. सिंगापूरच्या करारानंतर सात-आठ महिन्यांनी. खरा वारस शोधायचा, त्याला मानाने बसवायचं, आणि त्याच्या सहीखाली आपलं काम उरकायचं. पुढे १८३९ मध्ये प्रतापसिंहांना काढून टाकलं. हुसेनचं त्याहून लवकर उरकलं: १८२४च्या ऑगस्टमध्ये ३३,२०० डॉलर रोख आणि महिना १,३०० डॉलरवर त्याने बेट कंपनीला कायमचं देऊन टाकलं. १८३५ मध्ये तो मलाक्क्याला वारला. कॅम्पाँग ग्लॅम हा भाग त्याच्या वाट्याला ठेवलेला. सुलतान मशीद ती त्याच्यामुळे. ज्या बुगिसांनी त्याची गादी घालवली त्यांच्या नावाच्या स्टेशनवर उतरून आपण त्याच्या मशिदीकडे चालत जातो.

हमीदेचं काय झालं ते डचांच्या कागदांत आहे. १८२२ मध्ये त्यांनी पेन्येंगातवर माणसं उतरवली आणि राजचिन्हं जबरदस्तीने काढून नेली. पुढच्या वर्षी अब्दुल रहमानचा अभिषेक झाला. मार्च १८२४ मध्ये इंग्रज आणि डच यांनी लंडनमध्ये बसून मधल्या सामुद्रधुनीवर रेघ मारली; एका राज्याची दोन झाली.

२०२५च्या मे महिन्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मुलांपैकी कुणी भारतात अकरावी केली असेल तर इंग्रजी पाठ्यपुस्तकातही भेटली असेल. त्यात इतिहासाच्या प्राध्यापकांना असं जग भेटतं जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागतच नाही, मराठे जिंकतात, आणि इंग्रज मुंबईपुरते राहतात. मी ही कथा वर्गात दर वर्षी सांगायचे. विद्यार्थी मग 'तर काय झालं असतं'चे खेळ खेळायचे.

त्याच पानिपताला एक लग्न चिकटलेलं आहे, आणि नारळीकरांनी गोळी निवडली, लग्न नाही, हे मला शहाणपणाचं वाटतं. २७ डिसेंबर १७६० रोजी, भाऊसाहेबांची फौज पानिपतावर उपाशी अडकलेली असताना, नानासाहेब पेशव्यांनी उत्तरेच्या वाटेवर पैठणला दुसरं लग्न केलं. मुलगी राधाबाई, वाखरे सावकारांच्या घरातली, अगदी लहान. या लग्नाबद्दल नानासाहेबांना लोकांनी फार बोल लावला आहे. मीही तरुणपणी तावातावाने लावला. पण हिशेब केला तर दिसतं की लग्न आणि १४ जानेवारीची लढाई यांत अठरा दिवसांचं अंतर आहे. अठरा दिवसांत पैठणहून पानिपत फौजेसह गाठता येत नाही. लग्न झालं नसतं तरी पेशवे पोचले नसते. वाईट दिसलं, निर्णायक नव्हतं. जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले आणि सहा महिने संसार झालेली ती मुलगी विधवा राहिली. ती माझ्या तक्त्यात नव्हतीच; पेशव्यांची लग्नं मी प्रबंधाबाहेर ठेवली होती.

पाहांगचं लग्न मात्र निर्णायक ठरलं. तिथे गोळी बदलायची गरज नाही, वारा बदलला तरी पुरे. हुसेन दफनाआधी लिंगाला पोचता, तर सुलतान तोच होता, हमीदेने चिन्हं त्याच्या हाती दिली असती, आणि रॅफल्सला कुणाला शोधून आणायला उरलं नसतं. मग हे शहर इथे असतं का, आपलं मंडळ कुठे असतं, हा अंक निघता का, असं नातीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, ही गोष्ट तू लिही." ती या अंकाची इंग्रजी पानंच वाचते, त्यामुळे मी मराठीत काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवावं लागेल.

जूनच्या सुट्टीत आम्ही दोघी पेन्येंगातला जाऊन आलो. ताना मेराहून फेरीने तांजुंग पिनांग, साधारण दोन तास, आणि तिथून लाकडी मोटरबोटीने पंधरा मिनिटं. बेट एवढंसं की चालत फिरून होतं. माझे गुडघे लक्षात घेऊन आम्ही तीनचाकी केली. धक्क्यासमोरच पिवळीधमक मशीद आहे. ती बांधताना चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घातला होता असं तिथे कौतुकाने सांगतात. आपल्याकडे वाड्यांच्या चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत, ते मी नातीला सांगितलं. तिला अंडी जास्त पटली.

हमीदेची कबर थोडी आत, भिंतीच्या आवारात आहे. १८४४ साली ती वारली. छोटी पिवळी इमारत, आत कबर, तिच्यावरही पिवळं वस्त्र. मलय राजांचा रंग पिवळा. त्याच आवारात, पण इमारतीच्या बाहेर, राजा अली हाजी यांची कबर आहे. हा हमीदेचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा. मोठा पंडित आणि भाषाशास्त्री. 'तुहफत अल-नफीस' हा या घराण्यांचा इतिहास त्याने, वडिलांनी सुरू केलेलं काम पुढे नेऊन, लिहून पुरा केला. पाहांगचं लग्न, लिंगावरची घाई, राजचिन्हांचा तंटा, आज आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळसं त्याच्यामुळे.

नात फोटो काढता काढता थांबली. "म्हणजे इरुलानच्या उलट," ती म्हणाली. "इथे राणी आत आहे आणि इतिहासकार बाहेर."

मी पायरीवर बसले होते. पिशवीत माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टाची झेरॉक्स होती, बोटीत चाळायला घेतलेली. परतीच्या फेरीत नातीकडून पेन्सिल मागून घेतली आणि बाणांवर नावं घालायला लागले. सोयराबाई, जानकीबाई, येसूबाई, राजकुंवरबाई. ताराबाईंच्या पुढचा कंस खोडला. दोन पानं झाली तेवढ्यात समुद्र खवळला आणि मला डोळे मिटून बसावं लागलं. उरलेली पानं घरी आल्यावर नातीने घातली. मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. तिचं देवनागरी अक्षर अजून पहिलीतल्या मुलासारखं आहे, पण वाचता येतं.